दोराचं मागणं

समुद्रात उतरून माझ्या भावोजींना काय काय मिळणार होतं, याची बेरीज मी त्या सकाळी मिठाच्या जुन्या वखारीत उभ्या उभ्याच करून टाकली. मच्छीमार सोसायटीची निवडणूक पुढच्याच आठवड्यात होती आणि चेअरमन व्हायची त्यांची इच्छा सगळ्या बंदराला ठाऊक होती. एक तर ते पद. दुसरं, वखारीतल्या फळीवर आजोबांच्या नावाखाली स्वतःचं नाव. तिसरं, तालुक्याहून आलेल्या साहेबाच्या शेजारी उभं राहून फोटो. आणि चौथं, जे त्यांनी मोजलं नसेल पण मी मोजलं, ते म्हणजे गावात त्यांच्या घराबद्दल जी कुजबूज चालायची ती काही दिवस तरी बंद. बदल्यात द्यायचं काय, तर कमरेला दोर बांधून खडकांमधली एक घळ पोहायची. सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीत माझे केस पांढरे व्हायला लागले होते, पण इतका स्वस्त सौदा मी पाहिला नव्हता.

"मेवण्या, ही घंटा बघ," भावोजी म्हणाले. जगन्नाथ मोंडकर हे त्यांचं नाव. छाती पुढे काढून चालायचे, जणू समोर नेहमी वारा असावा. "वाजव, वाजव. भिऊ नको, बोट बुडलेली आसा, घंटा नाय."

सगळे हसले. मीही हसलो. त्यांच्या घरी पाहुणा होतो, हसणं भाग होतं.

ती वखार म्हणजे आडशी बंदराचं संग्रहालय. स्वातंत्र्याच्या बऱ्याच आधी 'हिरावती' नावाची आगबोट कार्तिकातल्या वादळात बंदराबाहेरच्या खडकांवर फुटली, तेव्हा गावच्या गाबीत मच्छीमारांनी कमरेला दोर बांधून, खडकाखडकावरून जाऊन माणसं काढली होती. त्या बोटीची घंटा, अक्षरं पुसट झालेलं, बुडत्याला फेकायचं कॉर्कचं कडं, कप्तानाची एक फुटकी दुर्बीण आणि काचेच्या पेटीत काळा पडलेला काथ्याचा दोर, एवढा तिथला ऐवज. तोरसकर मास्तरांनी निवृत्त झाल्यावर घरोघर फिरून तो गोळा केला होता. दर कार्तिकात त्या दिवशी गाव जमायचं आणि त्या वेळी दोर कसा नेला, ते एकजण घळ पोहून करून दाखवायचा. मधल्या खडकावर एक छोटी घंटा टांगलेली असे. ती वाजवायची, आणि परत येताना किनाऱ्यावरच्या माणसाने दोराने ओढून घ्यायचं.

मी मास्तरांना विचारलं, "दोर धरायला सगळ्यांत ताकदवान माणूस ठेवत असतील?"

"छे! ताकद दुय्यम," मास्तर म्हणाले. "दोर धरायचा मेहुण्याने. बायकोच्या भावाने."

"सख्खा भाऊ असला तरी?"

"सख्खा असला तर मुळीच नाही. भाऊ बुडाला तर भावाचा वाटा वाढतो. होडी त्याची, जागा त्याची. तो वाईट असतो असं नाही हो, पण हात ओला असताना मनात वाटा नको. मेहुण्याचं उलटं. बहिणीचा नवरा गेला तर बहीण त्याच्याच दारात येऊन बसायची. तो दोर सोडत नाही."

सरकारने आम्हाला जाडजूड नियमावली दिली होती, पण इतकी पक्की तपासणी तीत कुठेच नव्हती. मी मनातून त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या लोकांना नमस्कार केला.

"आणि दोराचं मागणं सांगा त्यांका," मागून कुणीतरी म्हणालं.

"हां, ते राहिलंच. ज्याला ओढून काढला, त्याने दोर धरणाऱ्याचं एक मागणं पुरवायचं. तिथल्या तिथे, ओल्या अंगाने, सगळ्यांसमोर. नाही म्हणायचं नाही."

"काय मागत?"

"बहुतेक नारळ, नाहीतर कोंबडा. पण माझ्या आठवणीत एकाने बहिणीच्या नवऱ्याची दारू मागून घेतली होती. मरेपर्यंत शिवला नाही मग."

हे ऐकताना मी भावोजींकडे पाहिलं नाही. माझ्या बहिणीकडे, प्रभाताईकडे पाहिलं. ती घंटेपाशी उभी होती, सहा वर्षांच्या नयनाचा हात धरून, डाव्या हाताने. उजवं मनगट श्रावणात मोडलं होतं आणि वेडंवाकडं जुळलं होतं. पायरीवरून घसरले, असं तिने आईला कळवलं होतं. मी ते घर पाहिलेलं होतं. त्या घराला पायरीच नव्हती.

तेव्हापासून मी तिला न्यायला तीनदा आलो होतो. भावोजी दरवेळी जेवायला घालत, ताज्या सरंग्याचं कालवण वाढत आणि हात धुताना म्हणत, "तुझी बहीण, तू घेऊन जा. पोर मात्र हंयच रवतली." आणि पोरीला टाकून प्रभाताई उंबरा ओलांडणार नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. तिसऱ्या खेपेला मी आमच्या कोल्हापूरच्या कोर्टाचं नाव काढलं, तर ते हसून म्हणाले, "कोर्ट कोल्हापुरात. पोर आडशीत."

ही चौथी खेप होती.

दुपारी वखारीच्या मागच्या दारापाशी प्रभाताईने मला गाठलं.

"तू दोर धरणार आहेस?"

"रीत आहे ना. मी एकटाच मेहुणा."

"काय मागणार आहेस?"

"तुला कळलंय काय ते. तुमची पिशवी भरून ठेव. चारची एसटी आहे."

तिने समुद्राकडे पाहिलं. वारा नव्हता, पण बाहेर कुठेतरी वादळ होऊन गेलं होतं आणि पाणी फुगून फुगून आत येत होतं. "मधू, तू त्यांना ओळखत नाहीस. ते बुडतील, पण देणार नाहीत."

"अख्ख्या गावासमोर? निवडणुकीच्या तोंडावर? देतील."

"तुझं गणित बरोबर असेल," ती म्हणाली. "पण ते तुझ्या शाळेत शिकलेले नाहीत."

घळीवर गाव जमलं होतं. तालुक्याचे मत्स्य खात्याचे साहेब खुर्चीवर बसले होते, त्यांच्यासाठी कुणीतरी छत्री धरली होती. मास्तर पाण्याकडे पाहत ओठ चावत होते. "जगू, आज नको. पाणी उभं राहतंय. नारळ सोडू आणि घरी जाऊ."

"मास्तरांनू, माझो आजो त्या वादळात गेलो होतो," भावोजी मोठ्याने म्हणाले, साहेबाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "हे काय पाणी म्हणतास?" मग शर्ट काढता काढता, जरा हळू आवाजात, "दोर मात्र सदा धरतलो. ह्येचे हात पेनाचे."

सदा म्हणजे सदानंद, भावोजींचा धाकटा भाऊ. बिनलग्नाचा, अबोल, खांद्याने रुंद. सकाळपासून तो आमच्यामागून चालत होता आणि एक शब्दही बोलला नव्हता. त्याच्याबद्दल माझा हिशेब सोपा होता. भावोजींना मुलगा नाही. भावोजी बुडाले तर होडी त्याची. नाही बुडाले आणि मुलगा झालाच नाही, तरी आज ना उद्या त्याचीच. त्या घरात जे होईल त्यात नफा त्याचाच, म्हणून तर बोलत नसेल, असं मी ठरवून टाकलं होतं.

"सदानंदाने नाही," मास्तर म्हणाले. "मेहुणा समोर उभा असताना भावाच्या हातात दोर? उद्या फळीवर काय लिहू मी?"

बायकांमध्ये खसखस पिकली. "मेवण्याक भियालो!" एक म्हातारी ओरडली. "जगू मेवण्याक भियालो गो!"

झालं. भावोजींनी दोराचं एक टोक स्वतःच्या कमरेला आवळलं आणि दुसरं माझ्या अंगावर फेकलं. "घट्ट धर रे, मेवण्या. आणि फौंटन पेन मागू नको, माझ्याकडे नाय."

मी दोर पाठीमागून वळवून घेतला, मास्तरांनी दाखवला तसा, आणि खडकाला टाच लावली. भावोजींनी लाट येऊन फिरायची वाट पाहिली आणि झेप घेतली. माणूस कसाही असो, पोहत मात्र देखणा होता. लाट आली की खाली जायचे, ओसरली की पुढे दिसायचे. दोर माझ्या हातांतून सरसरत जात होता आणि मला प्रत्येक हिसक्यात त्यांचं वजन कळत होतं. मधल्या खडकावर ते दोन्ही हातांनी वर चढले आणि घंटा बडवली. गावाने आरोळी ठोकली. साहेबही उठून उभे राहिले.

भावोजींनी हात वर केला, गावावरून नजर फिरवली, डावीकडून उजवीकडे, उद्याच्या मतदारांवरून फिरवावी तशी. मध्येच ती नजर थांबली.

मी वळून पाहिलं. प्रभाताई गर्दीच्या कडेला उभी होती. पिशवी तिने पदराआड धरली होती, ती दिसत नव्हती. पण तिच्याजवळ नयना उभी होती आणि नयनाच्या पायात बूट होते. पांढरे मोजे, काळे बूट, पट्ट्याचे. वाळूच्या पुळणीत, सगळ्या अनवाणी पोरांच्या मध्ये. ते तिला कुणी घालायला सांगितले नव्हते. गावाला जायचंय एवढं कानावर पडलं आणि तिने आपले आपण घातले.

दोन लाटांच्या मधल्या शांततेत भावोजींचा आवाज स्पष्ट आला. "नयने, बूट कित्याक घातलंस गो?"

आणि पोरीने, बापाने विचारलं म्हणून, आनंदाने, उड्या मारत उत्तर दिलं, "आमी मामाकडे जातंव! चारच्या गाडीन!"

भावोजी हसले. मला ते हसणं अजून दिसतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि कमरेची गाठ सोडायला लागले.

"जगू!" मास्तर किंचाळले. "जगू, वेडेपणा करू नको!"

"मेवण्या, तुझो दोर तुका!" त्यांनी सुटलेलं टोक गावाला दाखवलं, डोक्यावरून गरागरा फिरवलं आणि पाण्यात भिरकावून दिलं. दोर नाही तर मागणं नाही. पोरं हसली, काही पुरुषांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या, कारण त्यांना तो नुसता माज वाटला. माझ्या हातात एकाएकी काही वजनच राहिलं नाही. मी काय करावं ते न सुचून रिकामा दोर ओढत राहिलो.

भावोजी उतरले तेव्हा समोरून येणारं पाणी त्यांनी पाहिलं नव्हतं. ते आमच्याकडे बघत उतरले. लाटेने त्यांना उचललं, बाजूच्या कपारीवर आपटलं आणि आत ओढून नेलं. डोकं वर आलं तेव्हा ते पोहत नव्हते. एक हात पाण्यावर असा पडला होता, जसा झोपलेल्या माणसाचा खाटेबाहेर लोंबतो.

कोणी हललं नाही. पाण्यात जन्म गेलेली माणसं होती ती. बिनदोराने त्या कपारीत जाणं म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच हलली नाहीत.

मी ओढलेलं ओलं टोक कुणीतरी माझ्या पायाशीच उचललं. सदानंद होता. त्याने ते कमरेला गुंडाळलं, दातांनी गाठ आवळली.

"माका मेवणो नाय," तो म्हणाला. मला उद्देशून बोललेलं त्याचं ते पहिलं वाक्य. "पावण्यांनू, तुमीच धरा. सोडू नकात."

आणि तो गेला.

मास्तरांच्या रीतीप्रमाणे त्याचा दोर धरण्याचा हक्क कुणालाच नव्हता. तो मेला तर कुणाची बहीण विधवा होत नव्हती. तो जगला तर मला काही मिळत नव्हतं. उलट, तो ज्याला आणायला गेला होता तो परत आला नाही तर चारच्या गाडीत दोन जागा आपोआप मिळणार होत्या. हा विचार मला सुचला की नाही, हे मी आज सांगणार नाही. आकडा समोर पडलेला होता, एवढं खरं.

माझ्यामागे दोराला हिसका बसला. प्रभाताई होती. पिशवी टाकून दिली होती, पदर खोचला होता. त्या वेड्यावाकड्या मनगटाला दोराचा वेढा घेऊन ती मागे कलून उभी राहिली.

"ताई, हात जाईल तुझा."

"बोलू नकोस. दोर बघ."

कपारीच्या तोंडाशी सदानंद दिसेनासा झाला. दोर ताठ झाला, मग ढिला, मग इतका ताठ की त्यातून पाणी पिळून निघालं. "दोघांचा भार आसा!" कुणीतरी ओरडलं. "तुटतलो!" काथ्या माझ्या तळव्यांत शिरत होता. मास्तर पाण्याच्या काठाशी ओणवे होऊन लाटा मोजत होते. "थांबा... थांबा... आता! ओढा!" आम्ही ओढलं. "थांबा!" आम्ही थांबलो. मग बाकीचे धावले, दोराला माणसं लागली, तो जड दोर आमच्या हातांवरून मागे मागे जाऊ लागला.

शेवटच्या कडेला लाटेने पुन्हा डाव साधला. दोघांना एकदम उचलून खडकावर आणलं. सदानंदच्या डाव्या काखेत भावोजींची मान होती. आपटणार हे त्याला दिसलं असणार, कारण त्याने उजवा हात पुढे केला आणि भावाच्या डोक्याच्या आणि खडकाच्या मध्ये ठेवला. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

भावोजींना पालथं घातलं, पाणी काढलं. थोड्या वेळाने ते ओकले, उठून बसले, आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "मी आपलो आपण येय होतंय."

कोणी हसलं नाही.

"तू दोराने आलास, जगू," मास्तर म्हणाले. "ज्याने आणलं त्याचं मागणं उभं आहे."

भावोजींची नजर आधी माझ्याकडे वळली. मग सगळं लक्षात येऊन तिच्यातली धार गेली. आणणारा मी नव्हतो. आणणारा घरचा होता. त्यांनी मोठा श्वास घेतला आणि साहेबाकडे बघत, जमलेल्या सभासदांकडे बघत, हात पसरून म्हणाले, "माग, सदा! काय होया ता माग! होडी होयी? ह्या सगळ्यांच्या साक्षीन, होडी तुझी!"

सदानंद खडकाला टेकून बसला होता. एका बाईने आपलं लुगडं फाडून त्याच्या हाताला गुंडाळलं होतं आणि ते लाल होत चाललं होतं. गावाने वाट पाहिली. होडी मागणार, हे गावाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी तर ते सकाळीच लिहून बसलो होतो.

"वहिनीक आणि नयनाक जावक दी," तो म्हणाला.

भावोजींना ऐकू आलं नसावं असं वाटलं. मग ते हळूच, जवळजवळ मायेने म्हणाले, "ह्या तुझा मागणा नाय रे, सदा. ह्या त्या मेवण्याचा."

"दोर माझ्या कमराक होतो. मागणा माझा."

"होडी घे म्हणतंय ना तुका!"

"होडी नको."

लाट आली, गेली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. ती मघाची म्हातारी पुढे आली आणि भावोजींच्या तोंडासमोर वाकून म्हणाली, "दितंय म्हण, जगू. पाण्यातसून इलंस, पाण्याक नाय म्हणू नको."

भावोजींनी गर्दीकडे पाहिलं. एकेक चेहरा पाहिला. ती मोजणी मला दुरूनही वाचता येत होती, आमचाच धंदा तो. "जा म्हणा दोघींका," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

माझं मागणं माझ्या तोंडातच राहिलं.

चारची गाडी उशिरा आली, म्हणून मिळाली. गाडीत नयना बुटांतली वाळू झाडत होती आणि मी बसल्या बसल्या पुन्हा पुन्हा तोच हिशेब घालत होतो. होडी तर त्याने सगळ्यांदेखत नाकारली होती. प्रभाताई गेल्यावर भावोजी दुसरं लग्न करणार, मुलगा होणार, म्हणजे उद्या मिळणारी होडीही गेली. हे सदानंदला कळत नसेल असं नाही. कुठल्याही बाजूने बेरीज केली तरी त्याच्या नावावर काही येत नव्हतं.

"ताई, त्याने असं का केलं असेल?"

तिने खिडकीबाहेरची नजर काढली नाही. "तुला प्रत्येक गोष्टीची पावती लागते का रे?" एवढंच म्हणाली.

पुढचं थोडक्यात सांगतो. भावोजी चेअरमन झाले आणि बरीच वर्षं राहिले. घळ पोहण्याच्या त्या दिवसाचा फोटोही वखारीत लागला. दुसरी बायको आली, दोन मुलगे झाले. प्रभाताई नर्सिंग शिकली, कोल्हापुरात नोकरीला लागली. सदानंदची उजव्या हाताची तीन बोटं मिरजेला कापावी लागली. दोर आणि जाळं ज्याच्या हातात राहत नाही त्याला होडीवर कोण घेणार? घरातून त्याला दुसऱ्याच वर्षी वेगळा काढला आणि वाटणीच्या वेळी सांगितलं, होडी तुला देत होतो, तूच नको म्हणालास. मग तो बर्फाच्या कारखान्यामागे एका खोपीत राहायचा आणि लोकांची सुकत घातलेली मासळी कावळ्यांपासून राखायचा. हातात दोष, घरात वाटा नाही. मुलगी कुणी दिली नाही.

नयनाच्या लग्नाला बाप आला नाही. काका आला, एसटीच्या दोन गाड्या बदलून, इस्त्रीचा सदरा घालून. अक्षता वाटल्या तेव्हा त्याने त्या डाव्या मुठीत घेतल्या. उजव्या हातात तांदूळ ठरत नव्हते. शेजारच्या एका जाणत्या गृहस्थाने त्याला लगेच टोकलं, "अहो, डाव्या हाताने काय? शुभकार्य आहे."

तो ओशाळला. वाद घातला नाही. माझ्याकडे वळून त्याने मूठ माझ्या ओंजळीत मोकळी केली.

"पावण्यांनू, माझ्या वाटच्यो तुमी टाका."

मंगलाष्टकं संपत आली होती. मी टाकल्या. आणि मांडवात उभ्या उभ्याच, सवयीने, शेवटची बेरीज केली. भावोजींना पद मिळालं, मुलगे मिळाले, आणि द्यावं काहीच लागलं नाही. मला बहीण मिळाली. माझे तळवे महिन्याभरात बरे झाले. प्रभाताईने तिच्या वाट्याचं त्या दिवसाआधीच भरून टाकलं होतं. उरलेलं सगळं त्या एकाने भरलं, आणि त्यात त्याचं स्वतःचं देणं एक कवडीचंही नव्हतं.